कॉर्सेअर १/४८: पंख पसरून बांधलं, सांध्याने सूड घेतला

डाव्या पंखाच्या सांध्यावर, वरच्या निळ्या रंगातून, केसाएवढी चीर उमटली आहे. विमानाचं प्लास्टिक मॉडेल पूर्ण होऊन काही महिने झाले, काचेच्या कपाटात आहे, कुणी हात लावलेला नाही. तरी चीर. राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

किट एफ४यू-१ए कॉर्सेअरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं, १/४८ (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं), पंख मिटलेले (जहाजावर जागा वाचावी म्हणून ते दुमडत) किंवा पसरलेले दोन्ही करता येतील असं. बॉक्समध्ये काय येतं, पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) किती बारीक आहेत, हे सगळं सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. इंजिन अप्रतिम आहे, कॉकपिट ठीक आहे, बाकी धड आपोआप जुळतं. आता सांधा.

या विमानाचा पंख असा वाकडा का, ते आधी लक्षात घ्या. १८ सिलिंडरचं, २००० अश्वशक्तीचं डबल वास्प इंजिन आणि त्याला १३ फूट ४ इंच व्यासाचा प्रॉपेलर. मॉडेलवरसुद्धा तो साडेआठ सेंटिमीटर भरतो. पाती जमिनीला लागू नयेत तर विमान उंच उभं हवं, आणि उंच म्हणजे चाकांचे लांब पाय, जहाजाच्या डेकवर आदळताना मोडायला तयार. मग ते बनवणाऱ्या व्हॉट कंपनीच्या इंजिनिअरांनी पंखच धडापासून खाली उतरवला, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात चाक बसवलं आणि तिथून पुढे पंख परत वर नेला. पाय आखूड, काम फत्ते. पंखाची घडी त्याच कोपऱ्याच्या जरा बाहेर. किटवाल्यांनीही पंख तिथेच कापलाय. म्हणजे पंख पसरलेला हवा असेल तर विमानाचा सगळ्यात देखणा कोन तुमच्या गोंदाच्या हवाली.

त्या कोनाला आधार काय दिलाय? दोन चपट्या जिभा. त्याही खाचेत हलतात! बाहेरचा पंख साधारण साडेसात सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे सांध्यात एका अंशाचा फरक पडला की टोकाशी सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक. समोरून बघितलं की एक पंख उत्साही आणि दुसरा कंटाळलेला दिसतो. पितळी सळई विकत आणा असा सल्ला बरेच जण देतात. बॉक्सभर स्प्रू (सुटे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) उरलेला असताना सळई कशाला? स्प्रूचे जाडसर तुकडे कापून आतून आडवे चिकटवले, पुठ्ठ्यावर कोन आखून त्याचा साचा केला आणि पंख रात्रभर त्यात ठेवले. कोन दोन्हीकडे सारखा आला, अजूनही सारखा आहे.

पण वरच्या बाजूला दोन भागांच्या पातळीत पायरी राहतेच. घासायला जावं तर दुसरं संकट. खऱ्या विमानात बाहेरच्या पंखाचा मागचा भाग कापडाने मढवलेला होता, आणि किटमध्ये त्या कापडाखालच्या फासळ्या फार सुरेख उठवल्यात. सँडपेपर बोटभर इकडेतिकडे सरकला की गेल्या. सांध्याच्या दोन्ही अंगांना टेप लावून मधली चिंचोळी पट्टी तेवढी घासायची. शिवाय रेघ पूर्ण बुजवायची नाही, कारण खऱ्या विमानावरही तिथे रेघ होती. घालवायची ती पायरी.

खालच्या बाजूला मात्र किटने नाही, अमेरिकन नौदलाने वाचवलं. १९४३ची तिरंगी रंगसंगती सगळ्यांना ठाऊक आहे: वर गडद सी ब्लू, बाजूंना इंटरमीजिएट ब्लू, पोटाला पांढरा. पण पंख मिटले की बाहेरच्या भागाची खालची बाजू वरून दिसते, डेकवर उभ्या विमानाचा पांढराशुभ्र पंख आकाशातून चमकणार. म्हणून तो मिटणारा भाग खालूनही निळाच रंगवत. म्हणजे पांढरा आणि निळा यांची हद्द नेमकी घडीच्या रेघेवर येते, आणि खालचा सांधा रंगबदलात लपतो. या किटच्या सूचनापत्रात अख्खं पोट पांढरं दाखवलंय. त्यावर विसंबू नका, त्या काळचे फोटो बघा.

रंगांबद्दल थोडक्यात. बाटलीतला सी ब्लू या आकाराच्या मॉडेलवर जवळजवळ काळा दिसतो, त्यात पांढरा मिसळाच. मी पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरचं विमान केलं. तिथलं ऊन आणि पोवळ्याची धूळ बघता जरा विटलेलाच शोभतो. इंटरमीजिएट ब्लूची वेगळी बाटली घेतलीच नाही; सी ब्लू, पांढरा आणि थेंबभर करडा, झालं. निळ्यांमधली कड एअरब्रशने धूसर ठेवायची, तिथे मास्किंग टेप नको.

इथपर्यंत लिहून मॉडेल परत खिडकीशी नेलं. उजवा पंख भिंगाखाली धरला. चीर नाही, पुसटशीही नाही. आता आठवलं: डावा सांधा ट्यूबमधल्या पुट्टीने भरला होता, आणि उजव्याच्या वेळी ट्यूब संपली. नवी आणायची जिवावर आली, म्हणून घरात असलेला सुपरग्लू भरला. पुट्टीतला द्राव उडत जातो तशी ती आक्रसते, जाड थर असेल तर रंग चढल्यावरही. सुपरग्लू तसा आक्रसत नाही. फक्त तो लवकर घासावा लागतो, रात्रभर राहिला तर प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग सँडपेपर त्याला सोडून आजूबाजूचं प्लास्टिक खातो. तेव्हा किटवरचा माझा राग निम्म्यावर आणतो. पायरीचा दोष किटचा, चिरेचा पुट्टीचा. पायरी नसती तर पुट्टी लागलीच नसती, हेही आहेच.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) पातळ आहेत, त्यांना मऊ करणाऱ्या सॉफ्टनरने पॅनल लाइनमध्ये छान बसतात, अजून पांढऱ्याचा पिवळा झालेला नाही. एक गोष्ट मात्र डिकलच्या पानावर नाहीच. कॉकपिटच्या पुढे मुख्य इंधन टाकी होती, २३७ गॅलनची. ती तिथे बसवताना कॉकपिट जवळपास तीन फूट मागे ढकललं, म्हणून हे लांबलचक नाक. टाकीवरच्या पत्र्यांच्या फटींतून इंधन झिरपून पुढच्या काचेवर उडे, म्हणून यांत्रिक त्या फटींवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवत. कितीतरी फोटोंत त्या ठळक दिसतात. किटमध्ये यासाठी काही नाही, 'पांढरा रंगवा' एवढंच. डिकलच्या पानाच्या कोऱ्या कडेवर पांढरा फवारून पट्ट्या कापल्या. मॉडेल बघणारा पहिला प्रश्न याच पट्ट्यांबद्दल विचारतो, अठरा सिलिंडरांबद्दल कुणी विचारत नाही.

अँटेनाची तार ताणलेल्या स्प्रूची केली होती, ती उन्हाळ्यात सैल पडली. आता जुन्या मोज्यातला लवचीक धागा आहे, ताठ आहे.

राहिली कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. बॉक्स उघडला तेव्हाच तिला तडा होता. कंपनीला मेल केला. फोटो मागितला, दिला. बिल मागितलं, दिलं. बॉक्सच्या तळाचा फोटो मागितला, तोही दिला. बऱ्याच दिवसांनी पाकीट आलं, त्यात पिंजऱ्यासारख्या पट्ट्यापट्ट्यांची कॅनॉपी, म्हणजे सुरुवातीच्या एफ४यू-१ची! १-एमध्ये वैमानिकाची बैठक उंच केली आणि त्यासाठी कॅनॉपी फुगवली, हाच तर दोन प्रकारांतला डोळ्यांत भरणारा फरक. हे त्यांनाच समजावून लिहावं लागलं. उत्तर आलं की पाठवलेला भाग बरोबर आहे. मग मी त्यांच्याच सूचनापत्राचं पान, भागावर गोल करून, परत पाठवलं. पुढे शांतता. शेवटी एक दिवस योग्य कॅनॉपी आली, माफीचा शब्द नाही, पण एकाऐवजी दोन. त्या काचेसारख्या स्वच्छ आहेत, हे मान्य करायलाच हवं. एक बसवली, एक जपून ठेवली.

पंख मिटलेले करणार असाल तर हे किट डोळे मिटून घ्या, बिजागरांचे भाग उत्तम आहेत. पसरलेले हवे असतील तर सवलतीत मिळालं तरच, आणि पुट्टीवर पैसे घालवू नका. माझ्याकडे ती पिंजरा कॅनॉपी कोरी पडून आहे, या धडावर बसत नाही. कुणी सुरुवातीचं कॉर्सेअर बांधत असेल तर देईन, बदल्यात शेपटीचं चाक द्या. माझं त्याच्या बारीक काट्यापाशी मोडलंय, आणि त्या कंपनीला परत मेल करायची माझी तयारी नाही.