ट्रॉलीच्या रंगाखाली लांबी निघाली

द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर चालवणाऱ्या बहुतेकांकडे आठ बाय पाच फुटांची दोन चाकी ट्रॉली असते. शेणखत, क्रेट, ठिबकचे पाइप, वाळू, सगळं तीच ओढते. ओल्या शेणखतानं माझ्या ट्रॉलीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, एक्सलजवळ बसली होती. मजबूत करून घ्यावी म्हणून निफाड तालुक्यातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडे टाकली. त्याचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण असं करणारा तो एकटा नसणार.

ठरलं होतं ते असं. उभे दोन चॅनेल, म्हणजे पन्हाळीसारखे लोखंडी बार, १०० बाय ५० मिमीचे, मागून थेट दांडीपर्यंत अखंड, प्रत्येकी बारा फूट. आडवे पाच चॅनेल ७५ बाय ४० चे. भाव किलोवर, मालमजुरी एकत्र. जुनी चासी भंगाराच्या दरानं त्यानंच ठेवून घ्यायची आणि ते पैसे बिलातून वळते करायचे. ट्रॉली आली ती नवरीसारखी नटून, लालभडक. बिल १८६ किलोचं.

पुढे खत वाहताना कमानपाटा चासीला जिथे टांगतात त्या हँगरशेजारी रंगाला बारीक चीर दिसली. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तर ढलपाच निघाला. तो लोखंडाचा नव्हता, लांबीचा, म्हणजे पुटीचा होता. गॅरेजवाले गाडीच्या चेपलेल्या पत्र्यावर भरतात ती. खाली चॅनेलचे दोन तुकडे सरळ कापून टोकाला टोक लावलेले, बाहेरून वेल्डिंगचा रॉड फिरवलेला, आतल्या बाजूला वेल्डिंगचा पत्ताच नाही. आणि हा जोड कुठे, तर खड्ड्यातला प्रत्येक दणका जिथे बसतो नेमका तिथेच. जोड देणं हा गुन्हा नाही. चांगला कारागीर जोड हँगरपासून लांब घेतो, तिरका कापतो, कडांना खाच पाडून दोन्ही बाजूंनी रॉड भरतो आणि वर पट्टी मारतो. तो लांबीखाली लपवत नाही.

मग सगळ्या चासीवर वायर ब्रश मारला. आडव्या चॅनेलच्या आत निळा रंग निघाला. माझी जुनी ट्रॉली निळी होती! जुन्या बोल्टांची भोकंसुद्धा वेल्डिंगनं बुजवलेली सापडली. भंगार म्हणून घेतलेलं माझंच लोखंड त्यानं नव्याच्या भावानं मला परत विकलं होतं. या धंद्यातल्या डोक्याला दाद द्यावी की शिव्या, तेच कळेना.

उभे चॅनेल नवे होते, पण हलके. १०० बाय ५० च्या प्रमाणित चॅनेलचं वजन मीटरला ९.५६ किलो असतं आणि मधली भिंत ५ मिमी जाड. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा साडेतीनच्या आसपास भरली. बाजारात असा लाइट माल उघड मिळतो, बाहेरचं माप तेच असतं, त्यामुळे टेपनं मोजून काही कळत नाही. वीस फुटी अख्खी लेंथ काट्यावर ठेवली तर कळतं : पूर्ण वजनाची साधारण ५८ किलो भरते, हलकी बेचाळीस-त्रेचाळीस.

बिलाचा हिशोबही कागदावर मांडून पाहिला. उभे दोन मिळून चोवीस फूट, म्हणजे ७.३ मीटर, सुमारे ७० किलो. आडवे पंचवीस फूट. ७५ बाय ४० मीटरला ७.१४ किलो, म्हणजे ५४. झाले १२४. गसेट (कोपऱ्यांना लावायचे तिकोनी पत्रे) आणि पट्ट्या धरल्या तरी १४० च्या वर काही जात नाही, बिल मात्र १८६ चं, आणि हे सगळा माल पूर्ण वजनाचा धरून.

जाब विचारायला गेलो. "दादा, कंपनीतूनच माल असा येतो," पहिलं उत्तर. निळ्या रंगाचे फोटो दाखवल्यावर, "तुम्ही ओव्हरलोड केलं असेल." त्यानं दिलेली चिठ्ठी कच्ची होती, पण वजन, दर आणि चॅनेलची मापं त्याच्याच अक्षरात होती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करतो म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, हेही सांगितलं. तेव्हा कुठे आडव्या चॅनेलचे पैसे परत आले. उभ्यांचे नाही आले. त्यांची तक्रार टाकली आहे.

तुम्ही ट्रॉली टाकणार असाल तर चॅनेल स्वतः दुकानातून वजनावर घ्या, पक्क्या बिलासकट, आणि कारागिराला फक्त मजुरी ठरवून द्या. जुनी चासी त्याच्याकडे ठेवू नका, भंगारवाल्याला स्वतः घाला. रेड ऑक्साईड, म्हणजे गंज न लागण्यासाठीचा पहिला हात, लावण्याआधी चासी उलटी करून बघायचीच, ही अट कामाआधी सांगा; वरचं वेल्डिंग सगळेच नीट करतात, खालचं बघायचं असतं. रंगवून आलेल्या ट्रॉलीवर लोहचुंबक फिरवा. जिथे पकड ढिली लागेल तिथे खरवडा, मालक समोर उभा असला तरी.