सेटएफएसीएल आणि गेटएफएसीएल: लिनक्सवरच्या एसीएल साधनांचे परीक्षण

युनिक्सच्या मूळ पद्धतीत फाइलच्या परवानग्या मालक, ग्रुप आणि इतर अशा तीनच जणांत वाटलेल्या असतात. त्यामुळे ग्रुपबाहेरच्या एकाच सहकाऱ्याला एका फाइलवर लिहिण्याची मुभा द्यायची असली, तरी रूटकडून (सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाकडून) नवा ग्रुप काढून घ्यावा लागतो, आणि घाईच्या वेळी कोणीतरी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन मोकळे होते. एसीएल म्हणजे फाइलवर कोणाला काय परवानगी आहे याची यादी; ती बदलणाऱ्या सेटएफएसीएल या आज्ञेने ही अडचण नीट सुटते, कारण फाइलचा मालक रूटची वाट न पाहता त्या एकाच वापरकर्त्याच्या नावाची नोंद स्वतः जोडू शकतो. ज्या पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या) मसुद्यावर हे बेतले आहे, तो मानक न होताच मागे घेतला गेला. तरीही २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ पासून कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) ही सोय आहे आणि एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या तिन्ही फाइल सिस्टिमवर ती सारखीच चालते.

सामायिक फोल्डरसाठी डिफॉल्ट एसीएल हा मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. फोल्डरवर तो एकदा लावला की आत नव्याने तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच नोंदी घेऊन येते आणि तिथे युमास्क (नव्या फाइलीतून काही परवानग्या आपोआप वगळणारी सेटिंग) आड येत नाही. आधीपासूनच्या फाइलींना मात्र तो लागू होत नाही, आणि त्याच फाइल सिस्टिमवरून एमव्ही या आज्ञेने हलवून आणलेली फाइल आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येते.

खरी गफलत होते ती मास्कमुळे, म्हणजे ग्रुपच्या आणि नावाने जोडलेल्या नोंदींना मिळू शकणाऱ्या परवानगीच्या कमाल मर्यादेमुळे. समजा, एका सहकाऱ्याला आरडब्ल्यू (वाचण्या-लिहिण्याची परवानगी) दिले आणि नंतर कोणी त्याच फाइलवर सीएचमॉड ६४० ही परवानग्या बदलणारी आज्ञा चालवली; विस्तारित एसीएल असताना मधला अंक ग्रुपला न लागता मास्कला लागतो, त्यामुळे सहकाऱ्याची नोंद जशीच्या तशी दिसते, पण त्याला लिहिता येत नाही. एसीएलच्या नोंदी दाखवणारा गेटएफएसीएल त्या ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ म्हणून उरलेली खरी परवानगी दाखवतो, ही त्याची मोठी मदत आहे. फाइलींची यादी देणारा एलएस -एल मात्र परवानग्यांच्या शेवटी फक्त अधिकचे चिन्ह दाखवून थांबतो, आणि नवख्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते. फाइलवर परवानगी देऊनही ती उघडत नसेल, तर वरच्या प्रत्येक फोल्डरवर त्या व्यक्तीला एक्स (आत शिरण्याची परवानगी) आहे का, हेही पाहावे.

बॅकअपच्या बाबतीत जपावे लागते: फाइलींची प्रत दुसरीकडे उतरवणाऱ्या आरसिंकचा -ए हा छोट्या लिपीतला पर्याय एसीएल उचलत नाही, त्यासाठी मोठ्या लिपीतला वेगळा द्यावा लागतो, आणि फाइली एकत्र बांधणाऱ्या टारलाही तसे स्पष्ट सांगावे लागते. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी गेटएफएसीएलचे मोठ्या लिपीतल्या -आर पर्यायासह (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) आलेले उत्तर एका फाइलीत साठवावे. काही बिनसलेच, तर सेटएफएसीएलचा रिस्टोअर पर्याय त्याच फाइलीवरून सगळ्या नोंदी पूर्ववत करतो.