डिस्प्लेवाला एसएमपीएस टेस्टर: नवा पीसी चालू होत नसेल तर घ्यावा का?

नवा पीसी बटण दाबूनही ढिम्म राहिला की पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवर जातो. हा तळहाताएवढा टेस्टर तो मिनिटभरात तपासतो. प्लग काढून २४ पिनचा कनेक्टर आणि सीपीयूचा ८ पिनचा यात खोचायचा, मग प्लग लावून स्विच ऑन. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये. खरं बघायचं ते 'पीजी'कडे (पॉवर गुड, म्हणजे वीज स्थिर झाल्याचा इशारा यायला लागणारा वेळ): १०० ते ५०० मिलिसेकंद. हा आकडा बिघडला तर व्होल्टेज ठीक असूनही मदरबोर्ड सुरू होत नाही.

उणीव मोठी आहे. टेस्टर लोड जवळजवळ टाकतच नाही, त्यामुळे गेम लावताच मान टाकणारा सप्लायही इथे पास होतो.

शिवाय नव्या जुळणीत दोष बहुधा भलतीकडेच असतो. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? सीपीयूची ८ पिनची केबल राहिलेली असते, नाहीतर रॅम अर्धवट बसलेली. चार स्लॉट असतील तर दोन रॅम सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्यात, खटका ऐकू येईपर्यंत दाबायच्या. डीडीआर५ प्रकारची रॅम पहिल्या वेळी सुरू व्हायला काही मिनिटं घेते; तेवढ्यात बटण दाबत बसू नका. पंखाही हलत नसेल तर बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. चालू झाला, तर दोष कॅबिनेटच्या बटणाचा.

रोज जुळणी करणाऱ्याने जरूर घ्यावा. एकच पीसी बांधायचा असेल तर बोर्डाला लावायचा छोटा बझर पुरे, बिघाड असला की बोर्ड देतो ते बीप मोजून जास्त कळतं.