चेंबरच्या बोल्टाऐवजी पितळी कॉक : मोटरहोमवरचा दोन वर्षांचा अनुभव

मी बावीस वर्षं गोव्यात बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होतो. आमोण्याच्या धक्क्यावर माल भरायचा, भरती बघून मांडवीतून मुरगावला उतरायचं, रिकामं परत यायचं. बार्जच्या इंजिनाखाली हात जायला जागा नसते, म्हणून जळकं ऑइल हातपंपाने वर ओढतात. एक थेंब बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, सांडला तर तो पुसेपर्यंत जेवायला बसायचं नाही, हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं गेलं. १६ मार्च २०१८ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली होती. बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच. त्यानंतर साठवलेल्या पैशातून एक जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि भाच्याला हाताशी धरून तिची मोटरहोम, म्हणजे चालतं घर, केली. इंजिन २.६ लिटरचं डिझेल, मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. नीट तेलपाणी केलं तर दमत नाही.

घर बांधून झालं आणि ऑइल बदलायची पंचाईत झाली. टपावर सोलरची पॅनेलं बसल्यापासून गाडी गॅरेजच्या शेडमध्ये शिरत नाही. मागे सांडपाण्याची टाकी लोंबते, ती गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्याच्या कडेला घासते. शंभर लिटर पाणी, गॅस, बिछाने, भांडी अशी सगळी गृहस्थी आत असताना गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली झोपायचं मी कधीच करणार नाही, तुम्हीही करू नका. म्हणजे उरतं काय? चाकं जमिनीवर, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर आपण, आणि तोंडाच्या वर वीतभर अंतरावर चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट. इंजिन गरम असतानाच ऑइल नीट उतरतं, त्यामुळे शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवताना ते मनगटावरून कोपरापर्यंत येतं. बोल्ट टबात पडतो, तो काळ्या तेलात चाचपडायचा, आणि तेवढ्यात टब भरत आलेला असतो.

हेही मी निभावून नेलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी प्रवासात एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं. तिथल्या पोराने पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला. मी 'पुरे' म्हणेपर्यंत आटे गेले होते. ते कळलं दुसऱ्या दिवशी, आंबोलीत, सकाळी. गाडीखाली ताटाएवढा काळा डाग आणि बोल्टाच्या टोकाला लोंबणारा थेंब. डिपस्टिक बघत, थांबत थांबत घरी आलो. मग चेंबर उतरवलं, लेथवाल्याकडून नवे आटे बसवून घेतले. दोन दिवस गेले त्यात. बोल्ट दर वेळी सोडायचा आणि आवळायचा म्हणजे आटे झिजणारच, आणि आवळणारा हात कुणाचा असेल याचा भरवसा नाही. तेव्हा ठरवलं, बोल्टच काढून टाकायचा आणि जागी कॉक, म्हणजे उघडझाप करायची तोटी, बसवायचा.

या प्रकारात जपानच्या फुमोतो कंपनीचं नाव मोठं आहे. मी तोच मागवला, नळीचं तोंड असलेला. मला सगळं धरून चार हजारांच्या आत पडला. एका बोल्टाच्या जागी एवढे पैसे कशाला, असं घरात विचारलं गेलं. हातात आल्यावर मात्र मला बरं वाटलं. घट्ट पितळ, आत फिरणारी गोळी, बाजूला दांडी. दांडी बंद असताना एका खाचेत बसते आणि स्प्रिंग तिला तिथेच दाबून ठेवते. उघडायची तर आधी दांडी खाचेतून उचलायची, मग पाव फेरा फिरवायची. नुसता धक्का लागून ती फिरत नाही. दगड उडाला तर उघडेल का, ही शंका मलाही होती. म्हणून बसवायच्या आधी लाकडाच्या तुकड्याने दांडीवर चारी बाजूंनी ठोकून बघितलं. जागची हलली नाही. तरी वरून लागणारी प्लॅस्टिकची क्लिप मी लावलीच आहे. चोर्ला घाटातला रस्ता मी पाहिला आहे.

माप मात्र जपून घ्या. १२ बाय १.२५, १२ बाय १.५, १४ बाय १.५ (मिलिमीटरमध्ये, आधी जाडी, मग दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच) ही मापं नुसत्या डोळ्याला फसवतात. गाडीच्या नावावरून मागवू नका, कारण जुन्या गाडीत चेंबर कुणी, कधी, कुठलं बसवलं ते सांगता येत नाही. जुना बोल्ट काढून व्हर्नियर आणि पिच गेज लावा. माझं १४ बाय १.५ निघालं, कारण लेथवाल्याने तेच ठेवलं होतं. दुसरं, कॉक बोल्टापेक्षा खाली येतो. मी पुढच्या क्रॉस मेंबरखाली (चासीच्या आडव्या दांड्याखाली) सरळ पट्टी धरून मागे नेली आणि कॉकचं टोक तिच्या बोटभर वर राहतं की नाही ते बघितलं. तुमच्या गाडीत ते खाली येत असेल तर हा विषय तिथेच सोडा. आणि दांडीचं तोंड मागे किंवा बाजूला यायला हवं, पुढे नको. बसवताना सोबत आलेला वायसर वापरायचा, टेफलॉन टेप नको, आणि पाना मनगटाने आवळायचा, खांद्याने नाही. पितळ आहे ते.

आता मुद्द्याचं. गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ऑइल बदललं ते सांगतो. फोंड्याला एक फेरी मारून इंजिन गरम केलं. कॉकच्या तोंडावर रबरी नळी चढवली, क्लॅम्प लावला, नळीचं दुसरं टोक थेट झाकणाच्या कॅनमध्ये. चिऱ्यांच्या अंगणात गाडी, पाऊस थांबलेला, जमीन ओली. गाडीखाली हात घालून दांडी उचलली, फिरवली. आधी नळी थरथरली, मग गरम झाली. भाचा बाजूला उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "मामा, पानो खंय?" पाना लागलाच नव्हता. आम्ही पडवीत चहा घेतला. सहा-साडेसहा लिटर ऑइल उतरायला वीस मिनिटं लागली. बोल्ट काढला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, हे खरं आहे. पण त्या वीस मिनिटांत मी गाडीखाली नव्हतो. अंगणात थेंबही पडला नाही.

थेंबाचं एवढं का लावून धरतो, ते सांगतो. गाडी उभी राहते तिथून आमची विहीर अठरा पावलांवर आहे. जांभ्याची जमीन चाळणीसारखी असते, वरचं सगळं खाली पोचतं, पावसात तर लगेच. विहिरीच्या पलीकडे कुळागर, त्यात सुपारी आणि मिरी. खाणींचं लाल पाणी शेतात शिरलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या मालाच्या वाहतुकीवर माझं घर चाललं आहे. आता माझ्या गाडीचं काळं ऑइल माझ्या हाताने त्याच मातीत जाऊ नये, एवढं मला हवं आहे. या कॉकने ते होतं. माझ्या लेखी चार हजार तिथेच वसूल झाले.

उणिवा कुठल्याही कॉकला असतात त्या यालाही आहेत. आट्यांचं टोक चेंबरच्या तळापेक्षा जरा वर राहतं, त्यामुळे तळाला पेलाभर ऑइल उरतं. उलट्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवली की त्यातलं बरंचसं येतं. जुन्या बोल्टाला लोहचुंबक असेल तर तो जातो, आणि बोल्टावर चिकटलेला चुरा बघून इंजिनची तब्येत ओळखायची सवय असलेल्याला ते खटकतं. मी दर तिसऱ्या बदलाला अख्खा कॉक काढतो, उरलेलं सगळं सांडू देतो आणि ते ऑइल उन्हात बशीत घेऊन चमक बघतो. बार्जवर हेच करायचो. ऑइल फिल्टरचा पसारा कॉकने कमी होत नाही. त्याला खालून प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो पिशवीतच सोडवायचा. आणि नळी चांगली घ्या. मी आधी साधी पारदर्शक पाइप लावली होती. गरम ऑइलने ती मऊ पडून तोंडावरून घसरली. दांडी लगेच बंद करता आली म्हणून निभावलं. तेव्हापासून डिझेलची रबरी नळी वापरतो.

दोन वर्षं, चार बदल, वीस हजार किलोमीटर. दोन पावसाळे आणि मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात काढलेले कितीतरी दिवस. पितळावर हिरवट झाक आली आहे, गंज नाही, पाझर नाही. दांडीच्या स्प्रिंगवर पावसाळ्याआधी बोटभर ग्रीस फासतो.

ज्यांची गाडी वेळच्या वेळी ओळखीच्या हातात रॅम्पवर जाते, त्यांना याची गरज नाही, नवा तांब्याचा वायसर लावत राहा. पण घरासारखी भरलेली गाडी असेल आणि ऑइल स्वतः बदलत असाल तर घ्या, पहिल्याच बदलाला घ्या, आटे जायची वाट बघू नका. जळकं ऑइल कॅनमध्ये भरलेलंच असतं, झाकण आवळून ठेवा. सेंट्रिंगवाले पत्र्यांना लावायला मागायला येतात, मी देत नाही, पहिल्या पावसात ते धुऊन जातं. चार कॅन जमले की वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे नेऊन देतो. पुढचा बदल कार्तिकीला पंढरपूरला निघायच्या आधी आहे.