खंडवा रोडची अडेनियमवाली नर्सरी: दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम दोन वर्षं थांबून लिहितेय, कारण अडेनियम (जाड बुडाचं फुलझाड, वाळवंटी गुलाब म्हणतात ते) आणलेल्या दिवशी सगळ्यांकडचंच सुंदर दिसतं, खरं काय ते एक पावसाळा आणि त्यानंतरची आपली माळव्याची थंडी निघाल्यावरच कळतं. नर्सरी इंदूरला खंडवा रोडच्या बाजूला आहे, छोटीच आहे, काका आणि त्यांचा मुलगा दोघंच बघतात. गुलाब, मोगरा वगैरे पण ठेवतात पण खरा जीव अडेनियममधे, आणि मी इथे त्याचंच लिहितेय.

त्याआधी मी ऑनलाइन चार रोपं मागवली होती, कोणाकडून ते नाव घेत नाही. फोटोत लाल पिवळी जांभळी डबल पाकळ्यांची फुलं, आणि आलं काय तर ओल्या कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) बांधलेली बोटाएवढी चार खोडं. मी ती कुंडीत लावली आणि कुंडीत भरली आमच्या देवासकडच्या शेतातली काळी माती, कारण घरात सगळे म्हणाले की काळ्या मातीसारखी माती नाही, कापूस सोयाबीन काय जोरात येतं तिच्यात. बरोबर आहे, पण ती पाणी धरून ठेवते आणि अडेनियमला नेमकं तेच सोसत नाही. जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागला आणि चारपैकी तीन झाडं बुडाशी मऊ पडून सडली, हात लावला तर साल निघून आली. मला खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, रोज सकाळी उठून बघायचे मी त्यांना.

उरलेलं एक झाड तसंच कुंडीसकट स्कूटीवर ठेवून मी पहिल्यांदा या नर्सरीत गेले. काकांनी आधी काही विकायचा प्रयत्नच केला नाही. झाड उपटलं, मुळं नळाखाली धुतली, काळी पडलेली सगळी मुळं ब्लेडने कापली आणि कापल्या जागी 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लावली (कुठल्याही खत-बियाण्याच्या दुकानात मिळते). मग म्हणाले, "ताई, चार दिवस याला असंच सावलीत उघडं ठेवा, मातीत घालू नका." मला वाटलं मरेल. नाही मरत, त्या जाड बुडात पाणी साठवलेलं असतं त्याच्यावर ते आरामात राहतं. जखमा वाळल्यावर लावायचं आणि लावल्यावरही आठवडाभर पाणी द्यायचं नाही. ते झाड आज माझ्या गच्चीवर आहे आणि हे लिहिताना त्याला अकरा कळ्या आहेत.

काका मूळचे बऱ्हाणपूरचे, मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते ते ऐकून एकदम मराठीतच सुरू झाले, त्यामुळे शिकायला पण मजा आली. त्यांचं मिश्रण सांगते, दोन भाग सिंडर म्हणजे कोळसा जळून उरलेले खडे, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, सिंडर नसेल तर विटांचे बारीक तुकडे नाहीतर जाड रेती. कुंडीत पाणी ओतलं की लगेच खालून निघालं पाहिजे, वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं. तयार पोतं पण देतात ते, दहा किलोचं दीडशेला घेतलं मी, आणि त्यात माती भरून वजन वाढवलेलं नव्हतं हे घरी ओतून बघितलं.

त्यांच्याकडची झाडं हिरव्या जाळीखाली नाही, उघड्या उन्हात उभी असतात आणि माझ्या मते याच्यासाठीच तिथे जावं. हे झाड अरबस्तान आणि आफ्रिकेतलं, त्याला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. जाळीखाली वाढलेलं झाड हिरवंगार दिसतं म्हणून आपण घेतो आणि मग मे महिन्यात गच्चीवर एकदम ठेवलं की पानं करपतात. इथून आणलेल्या माझ्या पाचही झाडांनी पहिल्याच मेमधे चाळीसच्या वरचं ऊन काढलं, एक पान जळलं नाही. आणि बाल्कनीत जिथे दहा वाजेपर्यंतच ऊन येतं तिथे मी एक ठेवून बघितलं होतं, नुसत्या लांब लांब फांद्या झाल्या, फूल एक नाही, गच्चीवर नेलं तर दीड महिन्यात कळ्या.

आता तक्रारीचं. कलम केलेलं पिवळं डबल मी साडेतीनशेला घेतलं होतं, पहिल्या वर्षी पिवळी फुलं आली आणि दुसऱ्या वर्षी साधी गुलाबी. मला वाटलं फसवलं. घेऊन गेले तर काकांनी बुंध्यावरची कलमाची गाठ दाखवली, गाठीच्या खालून दोन फांद्या फुटल्या होत्या, त्या खालच्या मूळ बीच्या झाडाच्या, आणि त्यांनी सगळा जोर ओढून वरचं पिवळं वाळवून टाकलं होतं. गाठीखालचा कोंब दिसला की लगेच काढायचा असतो. हे विकतानाच सांगायला पाहिजे होतं असं मी त्यांना स्पष्ट म्हटलं, त्यांनी मान्य केलं आणि त्याच बुंध्यावर पिवळ्याचं कलम परत बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत. एकवीस दिवसांनी प्लॅस्टिक सोडलं तेव्हा कोंब हिरवा होता. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ते गाठ दाखवून सांगतात, मागच्या वेळी माझ्यासमोरच एका मुलाला सांगितलं.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का, कुत्रं-मांजर आहे का? कारण याचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांना लावायचे. कण्हेरीच्याच कुळातलं झाड आहे ना हे, 1775 मधे पहिल्यांदा याची नोंद छापली तेव्हा कण्हेरीच्याच वंशात घातलं होतं, अडेनियम हा वेगळा वंश 1819 चा. शेंगासुद्धा कण्हेरीसारख्या जोडीने येतात. माझी भाची दोन वर्षांची आहे म्हणून सगळ्या कुंड्या वर गच्चीवरच ठेवल्या, छाटणी हातमोजे घालून करते आणि नंतर साबणाने हात धुते.

छाटणी रंगपंचमीच्या गेरनंतर (इंदूरची रंगाची मिरवणूक) करायची, थंडी पूर्ण गेली की, कारण फुलं नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहाच्या खाली गेली की पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा घाबरून पाणी ओतायचं नाही, पाणी जवळजवळ बंदच करायचं, झाड झोपलेलं असतं. बूड अंगठ्याने दाबून बघा: सगळीकडून सारखंच थोडं सैल आणि माती कोरडी असेल तर तहान आहे, पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत भरतं, पण एकाच जागी मऊ आणि ओलसर लागलं तर सड आहे, लगेच उपटा. हे एवढं एक कळलं की अर्धी झाडं वाचतात.

किमती, साधं बीचं रोप 120 पासून, कलमी डबल 300-400, जाड बुडाची जुनी झाडं अडीच हजारच्या वर, ती मी घेतली नाहीत. बीचं रोप स्वस्त आहे आणि त्याचं बूड सुंदर गोल होतं पण कुठला रंग येईल ते फुलल्यावरच कळतं, ठरलेला रंग पाहिजे तर कलमीच घ्या. प्लॅस्टिकच्या कुंड्या मात्र त्यांच्या पातळ आहेत, उन्हात वर्षात तडकल्या, कुंडी दुसरीकडून घ्या. गाडी लावायला जागा नाही, रस्त्यावर लावावी लागते.

जायचं तर मार्च-एप्रिलमधे सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा काका मोकळे असतात आणि झाडं फुलावर असल्यामुळे रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. पावसाळ्यात नवीन झाड घेऊ नका, ते स्वतःच देत नाहीत, दिवाळीनंतर या म्हणतात. बुधवारी बंद.