बोट पुढे ओढायची, एक्सल मागे न्यायचा, की नुसतं सामान हलवायचं?

ट्रेलर ताशी साठच्या पुढे झोकांड्या खायला लागला की बहुतेकांचा पहिला संशय टायरवर जातो, दुसरा रस्त्यावर. गोव्यात, पर्वरी ते मडगाव पट्ट्यात, रस्त्याला नावं ठेवणं सोपंही आहे. पण एकाच एक्सलच्या ट्रेलरवर सोळा-अठरा फुटी फायबरची बोट असेल, तर दोष बऱ्याचदा वजनाच्या वाटणीत असतो. इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी, सगळं बोटीच्या मागच्या अंगाला. ते वजन एक्सलच्या मागे जास्त पडलं की ट्रेलरचं तोंड वर उचललं जातं आणि गाडीची मागची चाकं हलकी होतात. मग झुआरी पुलावर आडवा वारा लागला किंवा शेजारून ट्रक गेला, की डोलणं सुरू. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपसूक उतरू द्यायचा.

दुरुस्तीच्या वाटा तीन. कुठली धरायची हे ठरवण्याआधी गाडीच्या हुकवर ट्रेलरचा किती भार येतो ते मोजा. अंदाजाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं. घरातला माणसं मोजायचा वजनकाटा पुरतो. सपाट जागा बघा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर (ट्रेलरचं हुकला अडकणारं टोक) टेकवा, आणि तोही गाडीला जोडताना असतो त्याच उंचीवर. जॉकी चाक, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असलेलं छोटं टेकूचं चाक, उचलून घ्या. टाकी, नांगर, जाकिटं नेहमी असतात तशीच बोटीत राहू द्या. एकूण वजन वे-ब्रिजवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, कळतं. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार हुकवर असावा, असा साधारण हिशोब. अमेरिकेत याहून जास्त धरतात, युरोपात कमी. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. भार प्रमाणाबाहेर गेला तरी त्रासच: गाडी मागून बसते, स्टिअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

हिशोबासाठी एक बोट धरू. सामानासकट बोट 550 किलो, ट्रेलर 250, म्हणजे एकूण 800. कपलरपासून एक्सलपर्यंत 4 मीटर. हुकवर भरतात फक्त 30 किलो. हवेत साधारण 60 ते 75.

सामान हलवणं

याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण यात काही काम केल्यासारखं वाटत नाही. पण गणित करून बघा. 25 लिटरची भरलेली टाकी डब्यासकट 20 किलोच्या आसपास भरते. ती मागून उचलून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, 3 मीटर पुढे ठेवली, तर हुकवर 15 किलो वाढतात. तेवढ्याच वजनाची बॅटरी पुढे नेली की आणखी 15. म्हणजे एक पाना न फिरवता 30 चे 60 झाले.

अडचण अशी की हे दर वेळी आठवणीने करावं लागतं. रविवारी संध्याकाळी शापोरा नदीतून बोट बाहेर काढताना अंधार पडत आलेला असतो, पोरं कंटाळलेली असतात, आणि टाकी जिथे होती तिथेच राहते. शिवाय पेट्रोलची टाकी नाळेत नुसती ठेवून चालत नाही, पट्ट्याने आवळावी लागते. बॅटरी कायमची पुढे न्यायची तर जाड केबल टाका, नाहीतर स्टार्टर कुरकुरतो. बोट पाण्यात कशी बसते, तेही यामुळे बदलतं. छोट्या बोटीला नाळ जड झालेली मानवत नाही, ती लाटेत तोंड खुपसते. दहा-पंधरा किलोंची कसर असेल, तर मात्र याहून स्वस्त उपाय नाही.

विंचचा खांब पुढे घेणं

गॅरेजवाला हेच सुचवणार. बोट ओढून घ्यायची विंच ज्यावर असते, तो ट्रेलरच्या पुढचा खांब यू-बोल्टने बसवलेला असतो. सैल करायचा, पुढे सरकवायचा, बोट ओढून घ्यायची. आपल्या उदाहरणात बोट 10 सेंटीमीटर पुढे आली की हुकवर 14 किलोंच्या आतबाहेर भार वाढतो. चाळीस किलो वाढवायचे तर बोट जवळजवळ एक फूट पुढे घ्यावी लागेल, आणि तिथे पंचाईत होते.

बोट ट्रेलरवर कुठे बसावी हे नाळ ठरवत नाही, मागचा फळा ठरवतो. इंजिन ज्यावर लटकतं तो ट्रान्समचा फळा, बोटीचं बूड ज्यांवर टेकतं त्या ट्रेलरच्या लांब फळ्यांच्या टोकांवर बरोबर टेकलेला हवा. फळ्या दोन-तीन सेंटीमीटर बाहेर आल्या तर उत्तमच. बोट पुढे घेताना हा आधार सुटत नाही. पण हुकवर भार जास्त आहे म्हणून कुणी बोट मागे सारली, तर ट्रान्सम हवेत लटकतो. खड्ड्यागणिक इंजिन त्याला खाली खेचतं आणि फळ्यांच्या टोकाशी बोटीच्या बुडाला कायमचा बाक येतो. हा बाक बाहेरून सहज दिसत नाही. हात फिरवला की लागतो. तो आला की पाण्यात बोटीची चाल बिघडते. म्हणून माझा हट्ट असा: या उपायाने बोट पुढे घ्या, मागे घेऊ नका.

फूटभर पुढे घेण्यातही दोन गोष्टी बघाव्या लागतात. नाळेचा उतार सुरू होतो तिथे फळ्या बुडाला नीट चिकटतात का, की मध्ये फट राहते? आणि काटकोनात वळताना नाळ डिकीच्या दाराला लागते का? शिवोली-हळदोण्याच्या गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असताना, हे कळण्याऐवजी मोकळ्या मैदानात गाडी पूर्ण वळवून बघा.

आणखी एक गोष्ट. धक्क्याच्या उतारावर बोट खांबावरच्या रबरी ठोकळ्याला घट्ट लागलेली दिसते, पण सपाटीवर आल्यावर मध्ये चार बोटं अंतर राहतं. ट्रेलर पाण्यात फार खोल नेला की असं होतं: बोट तरंगत राहते आणि वर काढताना मागे सरून बसते. मोजमाप बिघडवायला एवढं पुरतं. खांबाची जागा ठरवण्याआधी बोट नेहमी एकाच जागी बसते ना, याची खात्री करा. आपल्या नद्यांना भरती-ओहोटी असल्याने दोन्ही वेळांना बघितलेलं बरं.

एक्सल हलवणं

मेहनतीचं काम, पण चूक मोठी असेल तर खरा उपाय हाच. एक्सल 10 सेंटीमीटर मागे नेला की आपल्या उदाहरणात 16-17 किलो वाढतात. 20 सेंटीमीटरला तीस किलोंच्या वर. बोट जागची हलत नाही आणि ट्रान्समचा आधार तसाच राहतो. मागचा लोंबता भागही कमी होतो. दिवाडी किंवा चोडणच्या फेरीबोटीत चढताना इंजिनाचं खालचं पातं रॅम्पला घासत असेल, तर याचं मोल कळेल. रिव्हर्स घेतानाही लांब ट्रेलर सावकाश वळतो, नवख्याला सोपा जातो. पुढे जाताना मात्र कोपऱ्यावर आतून जास्त कापतो. चाकंही उतारावर थोडी लवकर पाण्यात जातात, तेव्हा बेअरिंगच्या ग्रीसकडे लक्ष ठेवा.

एक्सल बोल्टने बसवलेला असेल तर हे दिवसाभराचं काम. स्थानिक वेल्डरने स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर थेट फ्रेमला वेल्ड केले असतील, तर कापून पुन्हा लावावे लागतात. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा थर जळतो आणि खाऱ्या पाण्याला गंज धरायला तेवढंच हवं असतं. त्या जागी जस्ताचा रंग दोन हात मारून घ्या. बसवताना कपलरच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. दोन्ही मापं सारखी हवीत, नाहीतर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका बाजूने झिजतात. मडगार्डही सोबत सरकवायचे, हे विसरलं जातं.

बोट बाजूला ठेवल्याशिवाय एक्सलला हात लावता येत नाही, म्हणून पावसाळा बरा. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत मच्छीमारांच्या होड्या वर ओढलेल्या असतात, हौशी बोटीही तेव्हा झाकलेल्याच असतात.

जुना ट्रेलर वेगळ्या बोटीसाठी बनवलेला असून तुम्ही स्वस्तात घेतला असेल, तर मी खांबाच्या फंदात न पडता थेट एक्सलवर जाईन. बोट-ट्रेलर जोडी पहिल्यापासूनची आहे आणि दोन स्ट्रोकचं इंजिन काढून त्याहून जड चार स्ट्रोकचं लावलं, एवढाच बदल असेल, तर आधी सामान, मग खांब थोडा पुढे. काहीही केलं तरी पुन्हा काट्यावर घ्या, आणि पहिल्या फेरीत वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा.