सुपर मीटिऑर ६५०ला बाहेरचे पाइप: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

आधी आईचं मत सांगतो, कारण गाडीवर कधी न बसता ती रोज ऐकणारी घरात तीच. मूळ सायलेन्सर काढून बाहेरच्या बनावटीचे पाइप बसवून महिना झाला असेल. जेवायला बसलो तर म्हणाली, "निवृत्ती चौकात वळलास की मी तवा ठेवतो. भाकरी फुगूस्तवर तू दारात." (आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'ठेवतो'च म्हणतात. बाहेरच्यांनी टंकनाची चूक समजू नये.) तिला ही सोय वाटली. मी मात्र घास चावता चावता मोजत बसलो, की चौकापासून आमच्या दारापर्यंत घरं किती लागतात.

गाडी रॉयल एनफिल्डची, २०२३ची. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, कागदावर ४७ पीएस आणि ५२.३ न्यूटन-मीटर, वजन २४१ किलो. चालवायला तक्रार नाही. खंत एकच होती, की एवढं इंजिन आणि आवाज शिवणयंत्राचा. कंपनीचे दोन सायलेन्सर दोन्ही अंगांना एकेक, जाडजूड आणि कमालीचे सभ्य. जीव जळायचा तो यासाठी, की या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशांचा आहे. एका सिलिंडरात ठिणगी पडली की दुसऱ्यात २७० अंशांनी पडते, मग ४५० अंशांचा खंड, आणि पुन्हा पहिला. म्हणजे ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत. एक जवळ, एक लांब, हलगीसारखे. मूळ सायलेन्सरात ही हलगी गोधडीखाली वाजते.

पेठेत बुलेटला इंदोरी नाहीतर पंजाब सायलेन्सर ठोकणाऱ्यांची कमी नाही. ते मला नको होतं. पातळ पत्रा, आत जवळजवळ काही नाही, आणि एका सिलिंडरचा तो फटफटाट. शिवाय फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनच्या तोंडापासून मागेपर्यंत सगळंच बदलायचं, हाही सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तोही टाळला. या गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुढच्या पाइपांकडे आहे आणि ऑक्सिजन सेन्सरही तिकडेच. स्लिप-ऑन, म्हणजे फक्त मागचे सायलेन्सर बदलायचे पाइप, घेतले की त्यांपैकी कशाला हात लागत नाही. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजेक्शनचा मेंदू जिथल्या तिथे राहतो आणि पीयूसीवाल्यासमोर घाम फुटत नाही. स्टेनलेसची जोडी, आवाज दाबणारी, मागून काढता येणारी जाळी, कुरिअरसकट २२,५०० रुपये. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. एका जोडीवरून कुणाला डोक्यावर घेणं नको आणि आपटणंही नको.

बसवायला गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका मिस्त्रीकडे आमच्या घरच्या गाड्या बाबांच्या काळापासून जातात. जुने बोल्ट आदल्या रात्रीच रस्ट स्प्रे मारून भिजवून ठेवले होते, त्यामुळे निघताना त्रास झाला नाही. उजवा पाइप दहा मिनिटांत बसला. डाव्याचं भोक आणि गाडीच्या ब्रॅकेटचं भोक यांच्यात चारेक मिलिमीटरचं अंतर. मी म्हटलं, गुडघा लावून दाबतो, तुम्ही बोल्ट घाला. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "बाळ, आज दाबून बसवशील. सहा महिन्यांनी वेल्डिंग तडकलं की मग कुणाला दाबणार?"

गोष्ट खरी होती. पाइप वाकवून बोल्टला अडकवला की तो ताण चोवीस तास जोडावर राहतो, वर इंजिनची थरथर. शेजारच्या लेथवर चार मिलिमीटरचं अॅल्युमिनियमचं बुश, म्हणजे फट भरायचं कडं, कापून घेतलं. १२० रुपये आणि एक चहा. मग सगळे बोल्ट हातानेच धरते ठेवले, पाइप रबरावर आपोआप स्थिरावू दिला, आधी पुढचा क्लॅम्प आवळला आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. पन्नासेक किलोमीटर फिरून, गाडी थंड झाल्यावर, पुन्हा एकदा पाना फिरवला. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा फिरला.

दोन चुका माझ्या. पहिली, नवीन पाइप पहिल्यांदा तापायच्या आधी थिनरने स्वच्छ पुसायचे असतात, नाहीतर हाताचं तेल जळून डाग पक्का होतो. उजवा पुसला. डाव्याच्या बुशाच्या भानगडीत तो राहिला. आता त्याच्यावर माझा अंगठा कायमचा उमटलाय, कर्जाच्या कागदावर असावा तसा.

दुसरी चूक कंजूषपणाची. जोडावरचं ग्राफाइटचं पॅकिंग मिस्त्री बदला म्हणत होते. बावीस हजारांच्या पाइपांपुढे मी दोन-अडीचशे रुपये वाचवले. दहा दिवसांनी फटाके सुरू झाले. अॅक्सिलरेटर सोडला की फट, उतारावर फट-फट-फट. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. रेकॉर्ड करून भावकीत पाठवलंसुद्धा. मिस्त्रींना ऐकवलं तर त्यांनी इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी मारलं, गाडी चालू करून पाइपाच्या तोंडाला चिंधी धरली. जोडावर बुडबुडे, नळावर कपडे धुतल्यासारखे. अॅक्सिलरेटर बंद केला की पाइपात क्षणभर ओढ तयार होते, फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि न जळालेलं पेट्रोल तिथेच पेटतं. म्हणजे मी मित्रांना ऐकवत होतो ती गळती होती. नवीन पॅकिंग घातल्यावर फटाके जवळजवळ गेले. उतारावर एखादा येतो, तेवढा चालतो.

आता आवाज. मोबाइलवरच्या मीटरला प्रयोगशाळेचा मान नाही, पण एकाच मोबाइलने, एकाच अंगणात, पाइपापासून एका पावलावर, गाडी नुसती चालू ठेवून मोजलं. मूळ सायलेन्सर ७७, नवीन पाइप जाळीसकट ८३, जाळी काढून ९२. हे आकडे किराणा दुकानातल्या बेरजेसारखे वाचायचे नसतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. जाळी काढून मी चार दिवस फिरलो. पाचव्या दिवशी समोरच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "बाळाला आत्ताच झोपवलंता रे." बस, एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर कदाचित मीही दोन शब्द बोललो असतो.

जाळी काढण्यात दुसराही तोटा दिसला. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर असताना, गाडी पोकळ वाटायची. आवाज ट्रकचा, ओढ स्कूटरची. माझ्या गाडीत तरी थोडा अडथळा असलेला पाइप खालच्या फेऱ्यांवर बरा चालतो. तो काढला की आवाज मिळतो आणि तिथली ताकद जाते. जाळी परत घातली आणि ओढ परत आली. वरच्या फेऱ्यांत ताकद वाढली असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मला आठ महिन्यांत जाणवलेली नाही. वजन मात्र खरंच कमी झालं. चारही नग दुकानातल्या कांद्याच्या काट्यावर ठेवले, साडेसहा किलोंचा फरक आला. २४१ किलोंच्या गाडीला त्याचं कौतुक फक्त पार्किंगमधून मागे ओढताना. अॅव्हरेज २६ होतं, आता २५च्या आसपास, आणि यात पाइपांपेक्षा माझ्या मनगटाचा दोष जास्त असावा.

एवढं सगळं लिहून पाइप अजून गाडीवर का आहेत? गगनबावड्याच्या रस्त्यामुळे. फुलेवाडी, बालिंगा मागे पडलं, कळे गेलं, की रस्ता मोकळा होतो. भाताची खाचरं, मधेच ऊस, मग डोंगर जवळ यायला लागतो. तिसरा-चौथा गिअर, तीन ते चार हजारांच्या मधे काटा. तिथे ही हलगी लागते. ओरडत नाही. खालून छातीत येते, वळणावर सोडली की थांबते, पुन्हा दिली की पुन्हा उचलते. एका बाजूला दरड असली की आवाज तिच्यावर आपटून अर्ध्या क्षणाने परत येतो. सप्टेंबरात एका सकाळी धुक्यात हे ऐकत गेलो आणि गगनबावड्यात चहा न घेताच परत फिरलो, कारण उतरावंसं वाटेना. २२,५००पैकी बावीस हजार तिथे वसूल.

हायवेला तेच पाइप वैरी होतात. पुणे २३० किलोमीटर. सहाव्या गिअरला शंभरच्या आसपास धरली की एक सपाट घूं लागतो, ठेका नाही, काही नाही, नुसती गिरणी. कराड येईपर्यंत मजा, साताऱ्यापर्यंत डोकं. आता लांब जाताना कानात फोमचे बोळे घालतो. म्हणजे आवाजासाठी पैसे मोजले आणि तो ऐकू येऊ नये म्हणून पुन्हा मोजले.

पावसाळा हा खरा परीक्षक. आमच्याकडचा पाऊस आणि त्यातून गगनबावड्याकडचा, पाइपांचा सगळा हिशेब मांडतो. खाली पाणी निघायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं. बुजलं की आतली ग्लासवूल, म्हणजे आवाज शोषणारा काचेचा कापूस, भिजून राहते आणि चालू करताना पाइप खोकल्यासारखा बोलतो. दर धुण्याला काडी घालून मोकळं करतो. स्टेनलेस असूनही वेल्डिंगच्या कडेला तांबूस पट्टा आलाय. पुढचा भाग तापून आधी सोनेरी आणि मग निळा झाला, तो मला आवडतो. बाजूची उष्णता मूळपेक्षा जास्त आहे, हे जुलैत कळलं. रंकाळ्यावरून येताना मागून बायको म्हणाली, "अहो, कसला वास यायलाय बघा." तिच्या रेनकोटच्या पँटची एक बाजू पाइपाला चिकटून वितळली होती. गाडी कोमट असताना लाकडी उलथण्याने खरवडली, उरलेलं नेलपॉलिश काढायच्या पाण्याने. पँट नवीन घ्यावी लागली. माझ्याच पैशाने, हे वेगळं सांगायला नको.

पोलिसांनी एकदाच थांबवलं, ताराराणी चौकात. गाडी चालू करायला लावली, मागे वाकून जाळी बघितली, "मूळचा नाही ना हा?" विचारलं. मी "नाही" म्हटलं. चलन मोबाइलवर आलं. रडलो नाही, कारण कायदा मला माहीत होता. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२-अ खाली एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२)मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद होतं. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला चालत्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल ठरलेली आहे, ती मोजायची पद्धत वेगळी, म्हणून माझ्या अंगणातले आकडे त्याच्याशी जुळवत बसू नका. जाळी आहे म्हणजे सुटका आहे, असं समजण्यात अर्थ नाही. सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरून जाताना मी गिअर वर टाकून अॅक्सिलरेटर सोडूनच जातो. दवाखान्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, आणि आत आपलंही कुणीतरी कधी असतंच.

सर्व्हिसला नेताना मूळ सायलेन्सर लावून नेतो. पाऊण तासाचं काम आहे, पण वॉरंटीच्या काळात वाद कशाला.

ऑक्टोबरात एक प्रकार झाला. राधानगरीहून रात्री परतताना कुठेतरी डाव्या पाइपाच्या जाळीचा बोल्ट थरथरून पडला आणि मागोमाग जाळीही. कुठे, ते कळलंच नाही. एकदम डावी बाजू बोंबलायला लागली आणि उजवी सभ्य. रात्रीचे सव्वाअकरा. शहरात शिरलो तो जीव मुठीत धरून, आणि निवृत्ती चौकात इंजिन बंद केलं. तिथून दारापर्यंत गाडी ढकलत आणली. साडेसहा किलो कमी झाल्याचा आनंद त्या दिवशी पुरेपूर घेतला. घामाघूम होऊन घरात आलो तर आई अंधारात खाटेवर उठून बसली. "गाडी कुठाय? तवाच ठेवला नाही मी."

जाळी उद्यमनगरात नवीन बनवून घेतली, ४५० रुपये. बोल्टला आता लॉकचा डिंक लावलाय आणि वर बारीक तार गुंडाळली आहे. आवाज पाडव्याला होता त्यापेक्षा थोडा पत्र्याचा झालाय, म्हणजे आतली ग्लासवूल जळत आली. ती नवीन भरायची आहे. मिस्त्री म्हणाले, दिवाळीची गर्दी ओसरू दे, मग आण. मूळ सायलेन्सर माळ्यावर गोणपाटात आहेत, आतून तेल मारून. दोघांनी विचारलं, विकणार का. नाही.